सातवा खिळा

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! दोन बस, एक टेम्पो आणि शेवटचा अर्धा तास पायी. खांद्यावर डायव्हिंगचं सामान, हातात आईने दिलेली ही वही. आईचं म्हणणं असं की फोनवर मी सगळं छान-छान सांगते, तेव्हा निदान वहीत तरी खरं लिहावं. लिहिते बाई.

खोली धक्क्याच्या मागेच आहे. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, एक पलंग. पलंगाचा एक पाय आखूड, त्याखाली कुणीतरी जुनी मासिकं कोंबली आहेत. खिडकीतून बोट दिसते. पांढरी, रुंद, जरा बसकी. मला बघताक्षणी आवडली.

बोटीवर आम्ही तिघंच. कप्तान साठीचा असेल, दिवसभरात दहा शब्द बोलतो आणि त्यातले सहा इंजिनाशी. मावशी टाक्यांत हवा भरते, चहा करते आणि सगळ्यांना रागावते. तिसरी मी, गाईड. रोज सकाळी आठ पाहुण्यांना घेऊन बाहेरच्या प्रवाळाच्या रांगेवर जायचं, त्यांना पाण्याखाली फिरवायचं आणि जेवढे नेले तेवढे परत आणायचे. कप्तानाने काम एवढ्याच शब्दांत समजावलं. मी हसले. तो नाही हसला.

मला केशरी जाकीट मिळालंय, टोपीवालं, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘गाईड’. आधीच्या गाईडचं आहे. बाह्या लांब पडतात आणि आत कुठेतरी ओल आहे, वाळतच नाही. असू दे. फुकटचं जाकीट!

४ तारीख, मंगळवार

आज पहिली फेरी. अडीच तास नुसतं पाणी. रांगेवर पोचलो तरी जमीन म्हणून काही नाही, बोट बांधायला एक नारिंगी पिंप तरंगतं तेवढंच. खाली मात्र काय सांगू! बारा मीटरवर प्रवाळाची बाग, जांभळी, पिवळी, मेंदूसारख्या वळ्यांची. आणि बागेच्या कडेला तुटलेला कडा, त्याखाली निळं-काळं पाणी, तळ दिसत नाही. कड्यापाशी ओढ फार आहे. पायातले रबरी पंख नसले तर पट्टीचा पोहणारासुद्धा वाहून जाईल.

शिडीजवळ एक फळी आहे. तिच्यावर बारा खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले, एक ते बारा. उतरताना आपला बिल्ला काढून कमरेला अडकवायचा, वर आलं की आपल्या हाताने खिळ्याला लावायचा. फळी भरली आणि डोकी मोजून झाली की बोट सुटते. मावशीने तीनदा बजावलं की दुसऱ्याचा बिल्ला लावून द्यायचा नाही, कितीही घाई असो, कुणी कितीही दमलेलं असो. माझा बारा नंबर. सातवा खिळा रिकामाच आहे. विचारलं तर मावशी म्हणाली, हरवला.

वर आल्यावर सगळ्यांच्या तोंडावर मास्कचा वळ उठतो, कपाळापासून ओठापर्यंत लालभडक गोल. तास-दीड तास जात नाही. मोठमोठे साहेब माकडासारखे दिसतात. मीही दिसते. आरशात बघून स्वतःलाच वेडावून दाखवलं.

५ तारीख, बुधवार

एक गंमत. पाण्याखाली मी दर पाच मिनिटांनी डोकी मोजते, सवयच आहे. आज नऊ मोजली. पाहुणे आठ. पुन्हा मोजली, आठ. नवीन जागा, भिरभिरणारे मासे, होतं असं.

फक्त एक गोष्ट खटकली. जो नववा दिसला त्याच्या तोंडातून बुडबुडे येत नव्हते.

७ तारीख, शुक्रवार

पाण्याखाली कुणाला बोलवायचं तर टाकीवर लोखंडी कडी आपटतात. तीनदा टकटक, म्हणजे माझ्याकडे बघा. आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो, कोण वाजवतंय कळत नाही. आज मी सगळ्यांना वर पाठवलं, शेवटी शिडी धरली आणि खालून टक, टक, टक. सगळे तर वर! मी मान वाकवून पाहिलं. कड्यापाशी एक जण उभा होता. उभाच, पोहत नव्हता. हात वर केलेला, शिडीवरून कुणी खाली हात द्यावा म्हणून करतात ना, तसा.

वर आले. फळी भरलेली. डोकी बरोबर. कुणाला काय सांगणार? आठ दिवस झाले नाहीत तोवर गाईडलाच भूत दिसलं म्हणून पाहुणे पळतील.

मला भीती वाटली. आईला दिलेला शब्द म्हणून लिहिते, चांगलीच वाटली.

८ तारीख, शनिवार

मावशीला खिंडीत गाठलं. टाक्या पुसता पुसता ती खाली बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सात नंबर आधीच्या गाईडचा. माझ्याच वयाची पोरगी. त्या दिवशी वारा सुटला होता, कप्तान घाई करत होता. शिडीशी आल्यावर हात मोकळे हवेत म्हणून सगळे पायातले पंख वर देतात, तसे तिनेही दिले आणि त्यांच्याबरोबर बिल्लाही दिला. वर मावशी होती. पोरगी दमली आहे, तेवढीच मदत, म्हणून मावशीने तिचा बिल्ला खिळ्याला लावला. तेवढ्यात पोरगी शिडीवरून निसटली. कुणी पाहिलं नाही. फळी भरलेली होती. डोकी मोजायला कुणी थांबलं नाही. बोट सुटली. दोन तासांनी परत गेले तेव्हा पाण्यावर काहीच नव्हतं.

मावशीने तो बिल्ला त्याच जागी समुद्रात टाकला. म्हणाली, तिचा होता, तिला दिला. आणि मग माझा हात धरून म्हणाली की ती वर यायला बघते गं, पण तिला जागा लागते. मोजणी जुळायला हवी ना.

मी हात सोडवून घेतला. राग आला मला. हे मला पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

१० तारीख, सोमवार

बोक्या आला! माझा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा घोडा झालाय पण घरी अजून बोक्याच. तोंडाची टकळी क्षणभर बंद नाही. खोलीत शिरल्या शिरल्या पलंगाखालची मासिकं ओढून काढली आणि पलंग वाकडा केला. त्याने शहरात तलावात डायव्हिंगचे धडे घेतलेत, सुट्टी घेऊन आलाय, आणि उद्या बाहेरच्या रांगेवर येणार म्हणजे येणारच.

मी नको म्हटलं. कारण सांगता येईना. तो रुसला. सातवीपर्यंत मी याच्या बुटांच्या नाड्या बांधल्यात, याचा रुसवा मला झेपत नाही. शेवटी हो म्हटलं. माझ्या हातभर अंतरावर राहायचं, या अटीवर.

आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली की दोघं गेलात तसे दोघं परत या.

११ तारीख, मंगळवार. बोटीवर, सकाळ

पाहुणे सात आणि बोक्या, मिळून आठ. बोक्याला नऊ नंबर. वारा वाढतोय. कप्तान आजच घाई करतोय. बोक्या मावशीला हसवतोय. ती खरंच हसली!

फळीकडे पाहिलं. सातव्या खिळ्याखाली लाकूड ओलं आहे. बाकी सगळी फळी कोरडी.

वही जाकिटाच्या खिशात ठेवते.

११ तारीख. पाण्याखाली लिहायची पाटी, पहिली बाजू

वही बोटीवर राहिली. पेन्सिल आहे, ही पाटी आहे. कुणाला सापडली तर वाचा. कमी शब्दांत लिहिते.

खाली मोजले तेव्हा नऊ. मी बोक्याचा हात सोडला नाही. शिडीपाशी एका पाहुणीच्या कानातून रक्त आलं, म्हणून तिला धरून मी आधी वर चढले. मागोमाग बोक्या. त्याने पंख दिले, बिल्ला दिला. नऊ नंबर. मी लावला. मीच. आपल्या हाताने. दोनच पायऱ्या तर राहिल्या होत्या! थकला होता बिचारा—

पाहुणीचं रक्त पुसलं. वळले. फळी भरलेली. कप्तानाने डोकी मोजली, बरोबर. मी टॉवेल घेऊन बोक्याला शोधला. बाकावर कोपऱ्यात कुणीतरी माझं केशरी जाकीट घालून बसलं होतं, टोपी खाली ओढून. वाटलं, थंडी वाजली म्हणून माझं घातलंय गाढवाने. हाक मारली. बोक्या आणि गप्प?

जाकिटाच्या बाहीतून दिसणाऱ्या मुठीत बिल्ला होता. हिरवा पडलेला. सात.

ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. बारा नंबर खिळ्यावरून ओढला, टाकी पाठीवर घेतली आणि उडी मारली.

पाटी, दुसरी बाजू

सापडला. कड्याच्या खाली. पायात पंख नाहीत, ओढीने नेला होता, दोन्ही हातांनी प्रवाळाला धरून. टाकीत हवा संपत आलेली. डोळे केवढे! माझी दुसरी नळी त्याच्या तोंडात दिली. कमरेला धरून वर आणला. सगळा वेळ माझा हात इतका घट्ट धरला होता त्याने.

शिडीवर ढकलला. खोकला, ओकला, पण जिवंत. जिवंत आहे बोक्या! आई, जिवंत आहे.

मी खाली. एक हात शिडीला. पंख काढून वर दिले. त्याने घेतले. आणि बिल्लाही—सवयीने. पंखांबरोबर.

तो वळला. फळीकडे गेला. हात वर केला. मी पाहिलं.

माझाच भाऊ. तेवढीच मदत.

लाट आली. शिडी सुटली हातून. चार हात लांब. मग दहा. पंख नाहीत. इंजिन लागलं. मी ओरडतेय, मला स्वतःला ऐकू येत नाहीये.

कप्तान मोजतोय. हाताचं बोट हवेत फिरवतोय, निघायची खूण. आठ पाहुणे. केशरी जाकीट, गाईड. बरोबर. जुळलं.

मावशी फळीकडे बघत नाही. ती कधीच बघत नाही.

बोट वळली. आता दिसतंय सगळं. बोक्या बाकावर त्या केशरी जाकीटवालीच्या शेजारी बसलाय. टॉवेल तिच्या खांद्यावर टाकतोय. चहा देतोय. बडबडतोय. ताई ताई करत असेल.

तिने टोपी मागे केली.

माझं तोंड आहे. माझे केस. माझ्यासारखी हसते—

जागा कमी उरली पाटीवर.

ती घरी जाईल. दोघं गेलो तसे दोघं—आई दार उघडेल—

खालून टकटक नाही. खाली आता कोणीच नाही. मीच.

बोक्या, तिच्या तोंडाकडे बघ. आत्ताच पाण्यातून आलीय ना ती? मग वळ कुठाय? तुझ्या गालावर आहे बघ, लालभडक, सगळ्यांच्या आहे, तिच्या तोंडावर मास्कचा वळ नाहीये, बोक्या, नीट बघ, ती मी—