बाबांचे दौरे

बोरी अरब
पितृपक्ष, सोमवार

प्रिय खुशी,

पत्र लिहायला बसले आणि आधी माझं मलाच हसू आलं. बोलताना मी 'मले-तुले' करते आणि हातात पेन आलं की शाळेतली भाषा येते. तूच म्हणायचीस, आई लिहिते तेव्हा आमच्या बाईंसारखी वाटते. चालवून घे. फोनवर तर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'पाऊस आहे का' याच्या पुढं जातच नाही. धनीबाईच्या वावरात, तिच्याच फोनवर, धुऱ्यावर पाठमोरी उभी राहून मी काय काय बोलणार? तिच्या तांड्यातल्या बाया तिकडे विळ्यानं सोयाबीन सोंगत असतात आणि मला वाटतं, सगळ्यांचे कान माझ्याकडेच आहेत. घरच्या फोनवर तर सोयच नाही. तो वाजला की तुझे बाबा आंघोळ अर्धी टाकून येतात.

आधी इकडचं सांगते. सोयाबीन यंदा बरं आहे, शेंगा भरल्या आहेत, पण ऐन सोंगणीत पाऊस येतो आणि दोन दिवस सगळं थांबतं. पऱ्हाटीला बोंडं चांगली लागली आहेत. तुरी अजून हिरव्याच. तुझ्या खोलीत मी मशीन हलवलं आहे, पण पलंग आहे तिथंच आहे. साधनाची आई बाजारात भेटते. तिला सगळं माहीत आहे, मला सगळं माहीत आहे, आणि आम्ही दोघी वांग्याच्या भावावर बोलून घरी येतो. तू आणि साधना एका खोलीत राहता, त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तुझी नोकरी पक्की झाली, डोसा तुला आता आवडायला लागला, एवढं मला कळलं आहे. एवढ्यावर माझं बरेच दिवस चालतं.

तुला हैदराबादची ती सहल आठवत असेलच. माझ्या मनातून ती गेलेली नाही. तुझ्या बाबांनी जन्मात घर सोडून कुठं पाय टाकला नव्हता. दिग्रसला कापूस घेऊन जायचं, फार तर यवतमाळ. पण तुझं लग्न ठरलं आणि त्यांच्या डोक्यात बसलं की पोरगी जायच्या आधी एकदा तिला मोठं शहर दाखवायचं, लग्नाची खरेदीही तिथंच करायची. पुसदवरून नांदेडला एसटीत तू खिडकीशी बसली होतीस आणि ते तुला प्रत्येक गावाचं नाव सांगत होते, जसं काही तुला पाटी वाचता येत नाही. गोवळकोंड्याला गाईडनं सांगितलं की खालच्या दरवाजात टाळी वाजवली की वर राजाच्या महालात ऐकू येते. तर आपल्याला वर पाठवून ते एकटे खाली थांबले आणि वाजवत बसले. वर आपण पोहोचलो तेव्हा टाळ्या ऐकू येत होत्या. तू म्हणालीस, 'आई, बाबा केव्हाचे वाजवून राह्यले.' तू हसत होतीस, पण तुझे डोळे भरलेले होते. मी पाहिलं. विचारलं नाही.

विचारून तरी काय करणार होते? तुला ते लग्न नको होतं हे मला माहीत होतं. तू त्यांना सांगितलंही होतंस, एकदा नाही, कितीदा तरी. ते रागावले असते तर तू भांडली असतीस. ते रागावलेच नाहीत. 'लग्न झाल्यावर शिक ना, कोण नाही म्हनते,' असं म्हणून तुझ्या पाठीवर हात फिरवून वावरात निघून गेले. मुलगा चांगला, घर चांगलं, सोयरीक नात्यातली. त्यांनी शब्द दिला होता आणि तुझं नाही म्हणणं त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही. मी मध्ये बोलायला पाहिजे होतं असं तुला वाटत असेल. बोलले होते. मलाही त्यांनी तसंच पाठीवर थोपटलं.

आता चारमिनारपाशी ये. लाड बाजारातल्या त्या दुकानात मी लाखेच्या बांगड्या पाहायला बसले. लाल पाहिल्या, हिरव्या पाहिल्या, मग बांगडीवाल्यानं माझा पंजा दाबून धरला आणि बांगडी चढवायला लागला. तुझे बाबा दुकानाबाहेर पाठ करून मिनारांचा फोटो काढत होते. तू साड्यांची थैली माझ्या पायाशी ठेवलीस. थैलीवर तुझा फोन ठेवलास. आणि गर्दीत चालायला लागलीस. तुला वाटतं की मी बांगड्या पाहत होते. मी तुलाच पाहत होते, खुशी. तू कॉलेजचे बूट घातले होतेस, पर्स आडवी टाकली होती, आणि तुझी चाल रस्ता चुकलेल्या माणसाची नव्हती. अत्तराच्या दुकानाशी तू थांबलीस, मला वाटलं वळशील. वळली नाहीस. माझा हात त्या माणसाच्या हातात होता, तो म्हणत होता, 'अम्मा, हाथ ढीला छोड़ो.' एक हाक मारली असती तर तू थांबली असतीस हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच की काय, आवाज फुटला नाही.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. सांज होईपर्यंत तुझे बाबा त्या बाजारात तुझ्या नावानं हाका मारत फिरले. पोलीस चौकीत त्यांनी 'मुलगी हरवली' असं लिहून दिलं. तो हवालदार म्हणाला, बावीस वर्षांची मुलगी हरवत नसते, काका. तुझे बाबा त्याच्यावर असे धावले की मी मध्ये पडले. घरी परत यायला ते तयार नव्हते. लग्न मोडलं, त्या घरचे येऊन काय काय बोलून गेले, बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी त्यांनाच विचारलं, तुमचं कोणी हैदराबादला असते का, जरा नजर ठेवायला सांगा.

मग धनीबाईच्या फोनवर तुझा फोन आला. तू रडत होतीस आणि म्हणालीस, 'आई, मी बरी आहे, बाबाले सांगू नको. बाबा आले अन् रडले तर मी येऊन जाईन.' मी शपथ घेतली. त्या वेळी सोपं वाटलं. वाटलं, महिना दोन महिने जातील, ते थकतील, राग धरतील, मग हळूहळू सांगू.

ते थकले नाहीत आणि त्यांनी राग धरला नाही. त्यांनी फिरायला सुरुवात केली. हे मी तुला फोनवर कधी सांगितलं नाही, बाबा कसे आहेत विचारलंस की बरे आहेत म्हणत आले. गावातलं कोणीतरी म्हणालं, पुण्यात खुशीसारखी पोरगी दिसली. ते पुण्याला गेले. औरंगाबादला कोणी म्हणालं, तिकडे गेले. नंतर कोणी काही म्हणायचीही गरज राहिली नाही. त्यांचं एकच म्हणणं, पोरीले फिरायची हौस होती, गोवळकोंड्यावर किती हसत होती, ती अशाच जागी दिसन. म्हणून जिथं लोक पाहायला येतात तिथं ते जातात. शनिवारवाड्यासमोर बसले. औरंगाबादला बीबीच्या मकबऱ्यासमोर बसले. तुझा कॉलेजचा फोटो मोठा करून घेतला आहे, तो शर्टाच्या आतून काढून दाखवतात. हैदराबादला तर कितीदा गेले. बांगडीवाले त्यांना आता चहा पाजतात.

आणि खुशी, ते परत येतात ना, तेव्हा तुझ्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. पाय धुतात, जेवायला बसतात आणि शहराचं वर्णन करतात. मकबरा एका पोरानं आपल्या आईसाठी बांधला, मले तर वाटलं बायकोसाठीच बांधते लोकं. जयपुरात एक महाल आहे, त्याला खिडक्याच खिडक्या, राण्या आतून रस्ता पाहत पण रस्त्यावरून त्या कोणाला दिसत नसत. एवढं सांगून त्यांनी ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, दिवसभर वरतेच पाहून राह्यलो. मी भाकरी वाढली. दुसरं काय करणार? प्रत्येक ठिकाणाहून काही ना काही आणतात, रिकाम्या हातानं यायची लाज वाटते म्हणून असेल. औरंगाबादची हिमरू शाल, हैदराबादचे मोत्याचे कानातले, जयपूरची मोजडी. मोजडी तुझ्या मापाची. दुकानदाराला हातानं माप दाखवून आणली म्हणे. कपाटाचा तुझा कप्पा आता बंद होत नाही. पानठेल्यावर लोक विचारतात, 'काहो रामधनभाऊ, आता कोनता दौरा?' तेही हसतात आणि सांगतात. गावातल्या लोकांना वाटतं, माणूस शौकीन झाला.

जयपूरला ते पडले. त्यांच्याच फोनवरून कोणा दुकानदाराचा फोन आला, आपके घरवाले को चक्कर आ गया है. शुगर वाढली होती, पायाला जखम होती ती त्यांनी मला दाखवलीच नव्हती. इकडे आणून दवाखान्यात ठेवलं. बाजूला बसून मी रोज ठरवायची की आज सांगते. एकदा तर तोंडातून 'ऐका, खुशी' एवढं निघालं. त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे, खुशी, की मी म्हणाले, खुशीच्या खोलीतला पंखा बिघडला आहे. ते म्हणाले, दुरुस्त करून ठेव, आल्यावर गरम होईन तिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता खरं सांगितलं तरी त्यांचं वाटोळं आहे. तू आपणहून गेलीस आणि मी सगळं माहीत असून त्यांना शहरोशहरी फिरू दिलं, ही दोन्ही दुःखं त्यांना एकाच वेळी द्यावी लागतील. आणि नाही सांगितलं तर ते असेच फिरत राहतील. धनीबाईला विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस. ती म्हणाली, 'विमलताई, माह्याजवळ फोन आहे तो घे. अक्कल नोको मांगू. मले बी तीन पोरी आहेत.' आणि तिनं तोंड फिरवून घेतलं.

मी तुला दोष देत नाही. तू आपल्या पायावर उभी आहेस, तुझा आवाज फोनवर आता वेगळाच लागतो, मोकळा. तो आवाज ऐकला की वाटतं, मी हाक मारली नाही ते बरं केलं. मग घरी येते, तुझे बाबा पायाला पट्टी बांधून नवीन गावाची गाडी पाहत बसलेले असतात, आणि मला वाटतं, मी हे काय करून ठेवलं. दोन्ही खरं वाटतं. माझ्याच्यानं यातून काही निघत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. परवा तुझ्या बाबांना दारव्ह्याच्या स्टँडवर कोणीतरी भेटलं, देवदर्शनाच्या सहली नेतो तो. त्यानं सांगितलं की दसऱ्याला म्हैसूरला लाखो लोक येतात, राजवाड्यावर सांजेला सगळे दिवे एकदम लागतात, तसं भारतात कुठं नाही. त्यांनी तिकीट काढलं आहे. सोयाबीन अर्धं वावरात आहे, डॉक्टर नाही म्हणाले, मी नाही म्हणाले. ऐकत नाहीत. तू तिथंच राहतेस हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, देवाशप्पथ, ते आपलेच चालले आहेत. अष्टमीला पोहोचतील आणि दसऱ्यापर्यंत रोज सांजेला राजवाड्यापाशी उभे राहतील. गर्दीत जात नाहीत ते, पाय दुखतो, कडेला कुठं टेकायला जागा मिळाली की बसतात. पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल, हातात माझी निळी पिशवी असेल. वाळलेत फार, एकदम ओळखू येणार नाहीत. तुला ये म्हणायला मला तोंड नाही, आणि त्यांना जाऊ नका म्हणायचा जोर नाही. नको वाटलं तर ते दोन-तीन दिवस त्या बाजूला फिरकू नकोस, मी समजून घेईन. लांबून पाहून परत गेलीस तरी समजून घेईन. फक्त, पाहिलंस तर त्यांनी जेवण करून गोळी घेतली का, एवढं कोणाला तरी विचारायला सांग.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई