पिस्टन आणि पुढचं दार

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (कागदावरच्या काळ्या ठशांकडे दुर्लक्ष कर.) तुझी कंबर आता कशी आहे? वहिनीला विचारलंय म्हणून सांग. बाबांच्या मागे त्यांची रेसची गाडी आमच्या दारात नुसती पडून आहे, ती विकून टाकू, रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो, असं तू लिहिलंस. तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे. ज्या घरात तुझ्या मेहुण्यांसारखा माणूस आहे, त्या घरात स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा ठेवू नये.

गाडी धूर ओकायला लागली तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, की जास्त ताकदीचे नवे पिस्टन बसवायचे, आणि तेही घरीच. (ज्यांना नळाचा वायसर बदलता येत नाही, त्यांनी!) तेव्हापासून इंजिन जेवणाच्या खोलीत चाकांच्या स्टँडवर, आणि आम्ही जिन्यात बसून जेवतो. चारही पिस्टन सारख्या वजनाचे हवेत म्हणून माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला. त्यांच्या पिना गार करायला फ्रीजरमध्ये मटारांशेजारी, पिस्टन गरम करायला ओव्हनमध्ये. सासूबाईंनी बिस्किटं असतील म्हणून ओव्हन उघडला आणि दिवसभर अबोला धरला.

खरी कमाल तर पुढेच आहे. प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो, तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला हवा, नाहीतर इंजिनाची वाट लागते. ह्या विद्वानाने पुढची बाजू लक्षात कशावरून ठेवली? तर घराच्या पुढच्या दारावरून! दोन पिस्टन बसवून हे चहा प्यायला गेले. मी केर काढताना स्टँड फिरवला. ह्यांनी परत येऊन उरलेले दोनही मोठ्या भक्तिभावाने दाराकडे बाण करून बसवले. दोन सुलटे, दोन उलटे. दाखवलं तर म्हणतात, "तू केर काढायलाच नको होतास." असल्या माणसापुढे कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय! बाबा असते तर पान्हा घेऊन मागे लागले असते.

तुझी,
धाकटी

ता. क. : उलटे दोन मीच काढून नीट बसवले. रिंगा दाबून पिस्टन आत सरकवायला हलका हात लागतो. बाबा तुला शिकवायचे तेव्हा बॅटरी धरून मीच तर उभी असायचे. काल इंजिन परत गाडीत चढवलं आणि ते सुरू झालं. अगदी बाबांच्या वेळचा आवाज रे. मी रडले. हेही रडले (डोळ्यांत धूर गेला म्हणे).

पुन्हा ता. क. : गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. रविवारी शर्यत आहे. येताना तुझं जुनं हेल्मेट आण. ह्यांच्यासाठी नको, ह्यांना वळणावर मळमळतं. ते मला बरोबर बसतं, मी लहानपणीच चोरून घालून पाहिलंय.