भेटीचं रडणं

श्री सेवालाल प्रसन्न

नागपूर
१२ डिसेंबर १९६३

ती. दादास,
हरिसिंगचा सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पहाडावर जाऊन, मला शोधून, परत खाली नागपुरात येऊन मिळालं. माझ्यापेक्षा त्याचाच प्रवास जास्त झाला. माझी बदली इथे भरतीच्या कामावर झाली आहे. बर्फ सुटलं, संत्री सुरू झाली. सुभेदारसाहेबांचं म्हणणं, तुझ्या मिशा बघूनच पोरं येतील, भाषणाची गरज नाही. तरी मी भाषण पाठ करून ठेवलंय.

पुढची बातमी बसून वाच. आम्ही आता हायस्कुलांत जातो, अकरावीच्या मुलांना फौजेची माहिती सांगतो आणि ज्यांची इच्छा त्यांची नावं तिथेच लिहून घेतो. जानेवारीत आपल्या जिल्ह्याची पाळी आहे, आणि त्यात घाटंजीची तुझी शाळाही आहे. तू जिथे छडी घेऊन फिरतोस तिथे मी बूट वाजवत येणार. हवालदार हरिसिंगला नमस्कार करावा लागेल, तयारी ठेव.

चार वर्षं तांड्यात पाऊल टाकलं नाही. याडी गेली तेव्हा मी सरहद्दीवर होतो, आणि आता आईवाचूनच्या घरात शिरायचा धीर होत नाही. निदान सरकारी हुकुमाने का होईना, येणं होईल. चि. शंकरला सांग, काकाने त्याच्यासाठी फौजी पट्टा आणून ठेवलाय.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
हरि

———

घाटंजी
२० डिसेंबर १९६३

चि. हरिसिंगास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आनंद झाला, आणि मग डोक्याला हात लावून बसलो. तू येतोस यासारखी गोष्ट नाही. पण शाळेत नको, बाबा.

तुझा पुतण्या तुझं पत्र माझ्याआधी वाचतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून शंकरसिंगाचं भूमितीचं पुस्तक बंद आहे. सकाळी उठतो आणि जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्यांमागे पांढरकवडा रस्त्याने पळत सुटतो. गाडीवाले मला विचारतात, गुरुजी, पोरगं काहून पळून राह्यलं, घरी काही मारलं काय? तुझ्या वहिनीने त्याला परवा छाती फुगवून दोरीने मोजताना पकडलं. मार्चमध्ये मॅट्रिक आहे. आपल्या तांड्यातून आजवर कोणी शाळेत शिकून मॅट्रिक झालेलं नाही, मी मास्तर झालो तोही सातवीच्या जोरावर, पुढच्या परीक्षा बाहेरून बसून. हा पोरगा ते दार उघडणार म्हणून मी तीन वर्षं त्याच्या मागे लागलोय. नाव जानेवारीत लिहिलं, की पेपर कोण देणार?

मी फौजेच्या विरुद्ध नाही, हे तू तरी समज. भरती कर, आठवडी बाजारात कर, तहसिलीसमोर कर. पण शाळेच्या फाटकातून आत आलेलं पोर आईबापांनी आमच्या हवाली केलेलं असतं. तिथे दुसऱ्या कोणी येऊन त्याचा हात धरावा, हे मला पटत नाही. हेडमास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, धरमसिंग, देश संकटातून जातोय, आणि मंडप मी सांगूनही टाकलाय.

प्रकृतीला जप. रागावू नको, आणि रागावलास तरी पत्र पाठव.

तुझा
दादा

———

नागपूर
२७ डिसेंबर १९६३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही, हसलो. तुमच्या शाळेत विकास अधिकारी येतो, अल्पबचतवाला येतो, देवीची लस टोचणारा येतो. त्याला बघून तर पोरं खिडकीतून उड्या मारतात. मग फौजेनेच काय घोडं मारलं?

खरं सांगतो, दादा. मी भरती झालो तो बाजारात, जिलबी खाता खाता. कोणी काही समजावलं नाही, कोणी काही विचारलं नाही. शाळेत बसवून, पगार काय, नोकरी किती वर्षांची, तंत्रकाम शिकता येतं की नाही, हे कोणी सांगितलं असतं, तर मी डोळे उघडे ठेवून गेलो असतो. तेच मी आता सांगणार आहे. यात वाईट काय? शंकरची काळजी करू नको. पण त्याने हात वर केला तर, तू माझा पुतण्या आहेस, तू खाली बस, असं मला म्हणता येणार नाही. बाकीची पोरंही कोणाचे तरी पुतणेच आहेत.

एक विनंती मात्र आहे. वीस जानेवारीला येतो, हे आपल्या बहिणीला, रुक्माबाईला कळू देऊ नको. ती कशी भेटते ते तुला ठाऊक आहे. गळ्यात पडून सुरात रडायला लागली, की चार वर्षांत तांड्यात जे जे झालं ते सगळं त्या रडण्यात सांगितल्याशिवाय सोडणार नाही, आणि तोवर आपल्याला जागचं हलता येत नाही. वर्दीत, सुभेदारसाहेबांसमोर हे कसं शोभेल? काम आटोपून संध्याकाळी मीच तांड्यात येईन. तिथे तिने हवं तेवढं रडावं.

वडीलकीचा हात पाठीवर असू दे, वाद कितीही घाल.

तुझा
हरि

———

तांडा, घाटंजीजवळ
६ जानेवारी १९६४

चि. हरिसिंगला रुक्माबाईचा आशीर्वाद.

मी सांगून राह्यली, शंकर लिहून राह्यला. मी आपल्या बोलीत सांगते, तो मराठी करतो, काही चुकलं तर त्याचा कान धर. तू येऊन राह्यला हे मले शंकरने सांगितलं. दादाने नाही सांगितलं. दोघं भाऊ मिळून माह्यापासून लपवता, तुमाले लाज नाही वाटत? शाळेत पहिले जाशीन आन बहिणीकडे संध्याकाळी? संध्याकाळपर्यंत मी काय चुलीपाशी बसून राहू? चार वर्षं झाले. याडी गेली तवा मी एकटीच रडली, तुह्या वाट्याचं रडणं माह्यापाशी तसंच ठेवलेलं आहे. ते तुले द्यायचं हाये.

आमी शाळेत येतो. सुखीबाई येते, लालीबाई येते, हंसावहिनी तं हायेच. बाकी सगळं मजेत. काळी गाय व्याली. येताना नागपूरची संत्री आणजो, सडकी नको.

काका, पुढचं माझं आहे. आत्याला वाचता येत नाही म्हणून लिहितो. मी पहिल्या रांगेत उभा राहणार आणि पहिलं नाव माझं देणार. बाबांना सांगू नका. छाती आता बरीच फुगते.

आपला
शंकरसिंग

———

नागपूर
२४ जानेवारी १९६४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू त्या दिवशी हट्टाने नववीच्या वर्गात खिडक्या लावून भूमिती शिकवत बसलास, म्हणून मैदानावर काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनीच कळलं असेल. संध्याकाळी तांड्यात आपण दोघेही नीट बोललो नाही. म्हणून लिहितो.

भाषण झकास चाललं होतं. बूट, पगार, रेल्वेचा पास, एकेक शब्दाला टाळ्या. शंकर पहिल्या रांगेत, छाती इतकी फुगवलेली की सदऱ्याचं बटण तुटलं. मी म्हणालो, आता ज्यांना नावं द्यायची त्यांनी पुढे यावं. शंकरने पाऊल उचललं, आणि फाटकातून बांगड्यांचा खणखणाट आला.

रुक्माबाई सरळ मंचावर चढली. गळ्यात पडली आणि सुरू झाली. मागून सुखीबाई, लालीबाई, हंसावहिनी, सगळ्यांनी सूर धरला. हेडमास्तर पाण्याचा तांब्या घेऊन धावले. सुभेदारसाहेबांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, कौन गुजर गया? आणि तुमच्या उकंडा शिपायाने, फौजी माणसाच्या घरचं कोणी गेलं असं समजून, शाळा सुटायची लांब घंटा दिली. तांड्याबाहेरची सगळी पोरं माना खाली घालून दुखवट्याला उभी राहिली. एवढा आदर मला पंधरा वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता. मी हलू शकत नव्हतो आणि ओरडून सांगूही शकत नव्हतो, की अरे, हा आनंद आहे!

ते काम शंकरने केलं. मुलांनी विचारलं तसा तो मोठ्याने सांगायला लागला, की हे भेटीचं रडणं आहे, कोणी मेलं नाही. मग ओळ न् ओळ मराठी करून सांगू लागला. आत्या म्हणते, खेमसिंगचं लग्न झालं, तू नव्हतास. आत्या म्हणते, ढवळा बैल गेला. पोरं हसत होती, तोही हसत होता.

मग याडीची ओळ आली. दादा, तू मला लिहिलं होतंस, याडी झोपेतच शांतपणे गेली, काळजी नसावी. रुक्माबाईने वेगळंच सांगितलं. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की याडी उठून बसायची, हरि आला म्हणायची आणि माझी भाकर वाढायला लावायची. शेवटच्या रात्रीही भाकर झाकून ठेवली होती. शंकर एवढं बोलला, आत्या म्हणते, ती भाकर सकाळी... आणि पुढे त्याला बोलताच येईना. तो पुढे आला, पण नाव द्यायला नाही. माझी टोपी खाली पडली होती, ती उचलून हातात धरून आत्याजवळ उभा राहिला.

मला खूप रडू आलं. वर्दीत, सुभेदारसाहेबांसमोर. नंतर मी पोरांना म्हणालो, आज एकही नाव लिहिणार नाही. ज्याला यायचं त्याने मॅट्रिक होऊन यावं, आणि जी बाई तुमच्यासाठी असं रडणार आहे तिला सोबत आणावं. तिला सगळं माझ्यासमोर विचारू द्यावं. सुभेदारसाहेब आधी तापले, मग गाडीत म्हणाले, माझ्या आईलाही पत्र टाकतो. दादा, शाळेपुरतं तुझंच खरं. फाटकाच्या आत एकट्या पोराला विचारणं बरं नाही.

खरं लिहिलं असतंस तरी मी सोसलं असतं. पण तू का नाही लिहिलंस तेही कळतं. माझ्यावरचा जीव असाच ठेव.

तुझा
हरि

———

घाटंजी
१८ जून १९६४

चि. हरिसिंगास अ. उ. आ.

शंकरसिंग दुसऱ्या श्रेणीत मॅट्रिक झाला! भूमितीत सगळ्यांत जास्त गुण. तांड्यात गूळ वाटला, उकंडाने शाळेत विनाकारण घंटा दिली, आणि मी हेडमास्तरांसमोर रडलो. हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

आता पुढचं. निकालाच्या दिवशीच तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, जायचं आहे. मी म्हणालो, त्या मैदानावर तुझा विचार बदलला असं वाटलं होतं. तो म्हणाला, विचार बदलला नाही, वजन कळलं. पुढच्या सोमवारी त्याला नागपूरला घेऊन येतो. तुझी वहिनी येते, आणि तुझ्या अटीप्रमाणे रुक्माबाईही येते. तिने प्रश्न काढून ठेवलेत. पहिला, जेवणात ज्वारीची भाकर असते का.

आणि हे मी मागे घेतो, की तुम्ही शाळेत येऊ नये. या. पण ज्या दिवशी याल त्या दिवशी आयांनाही बोलावणं पाठवत जा. हेडमास्तरांनी मंडप मोठा घालायचं कबूल केलं आहे.

रुक्माबाईला मी म्हणालो, स्टेशनवर तरी रडू नको, पोराचा धीर सुटेल. ती मलाच हसली. म्हणाली, जाणाऱ्याले कोण रडते? हे रडणं तं आलेल्याचं असते. तिने आतापासून जमवायला घेतलंय, कोणता बैल घेतला, विहिरीला पाणी किती लागलं, कोणाला काय झालं. सगळं मनात ठेवते आहे, शंकर सुटीवर येईल तेव्हासाठी. हरि, ते ऐकायला त्याने आलंच पाहिजे. तेवढं तुझ्याकडे.

तुझा
दादा