सोनेरी काठाचे ग्लास

अड्यार, चेन्नई
५ जानेवारी २००७

ति. दादांस विद्युलतेचा सा. न. वि. वि.

मिरजेचं बिऱ्हाड मोडून लेक-सुनेकडे, संकेत-प्राचीकडे, कायमची राहायला आले, त्याला दोन महिने झाले. माझी खोली कशी आहे, असं तुम्ही विचारलंत. खोली छान आहे. तीत ग्लास राहतात.

पल्लावरमच्या जुन्या बाजारातून माझ्या लेकाने पन्नास वर्षांपूर्वीचे रंगीत ग्लास आणलेत, निळे, जांभळे, सोनेरी काठाचे. त्यांच्यासाठी आरशाचं कपाट केलंय, आत दिवे. याला घरातला बार म्हणायचं. शनिवारी मित्र येतात, ग्लासांचं कौतुक करतात आणि बिअर बाटलीनेच पितात, कारण काठ झिजतो म्हणे. ते उठेपर्यंत मी ताटकळते, कारण माझं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर. खोली माझ्यासाठी म्हणून घेतली होती, हे मी काही त्याला सांगायला जाणार नाही. पण दादा, फार लागलं हो मनाला.

वहिनींना नमस्कार. माया आहे, ती अशीच राहू द्यावी.

तुमची विद्यु


मिरज
११ जानेवारी

चि. विद्युस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनीने कपाळाला हात लावला. ग्लासांना खोली आणि आईला दिवाण! तू लहानपणापासून अशीच, मागायचं नाही आणि मग कुढत बसायचं. सरळ खोली माग. नाहीतर इकडे ये. आमच्याकडे पाणी स्टीलच्या फुलपात्रातून मिळतं, पण खाट लांबरुंद आहे.

उत्तर धाडावं, आम्हांला विसरू नये.

अशोकदादा


अड्यार
२२ जानेवारी

ति. मामांस संकेतचा सा. न.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. आईला जरा समजवा. परवा प्राचीने संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं आणि स्वतःच सिरुसेरीच्या ऑफिसात अडकली. वाण छोट्या खोलीतल्या कपाटात आहे, एवढंच तिने आईला फोनवर सांगितलं. खालच्या खणात प्लास्टिकचे डबे होते. आईने वरचं दार उघडलं! तळमजल्यावरच्या अन्नपूर्णाबाईंनी कुंकू लावलं आणि आईने तिळगुळाबरोबर माझे सगळे ग्लास लुटले.

परत मागायला निघालो, तर प्राची म्हणाली की दिलेलं वाण मागितलंस तर या बिल्डिंगमध्ये मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सहज म्हणून एक चक्कर मारून आलो. अन्नपूर्णाबाईंनी माझ्या मार्टिनीच्या ग्लासात वाती ठेवल्यात. शेजारच्या सीतालक्ष्मी मामी निळ्या ग्लासातून रसम देतात. रसम, मामा!

लोभ आहेच, पण आधी आईशी बोला.

संकेत


अड्यार
३० जानेवारी

ति. दादांस सा. न. वि. वि.

संकेतने तुमच्याकडे फिर्याद केलीच असेल. मला खरंच वाटलं, एवढे दिवे लावून मांडलंय ते वाणच. बायका तर हरखून गेल्या.

खोली मिळाली, दादा. मागावी लागली नाही. कपाटात माझी लुगडी आहेत आणि काल नवी खाट आली.

झालं असं, की त्या संध्याकाळी संकेत तोंड पाडून माझ्याशेजारी दिवाणावर बसला. मी आल्यापासून पहिल्यांदाच. एकेका ग्लासाचा रंग आठवून हळहळत होता. मला त्याची दया आली आणि रागही आला. मग जरा आडवा झाला, तर पाय बाहेर. तसंच पडल्यापडल्या त्याने विचारलं, की आई, तू यावर झोपतेस तरी कशी.

मी सांगितलं, पाय पोटाशी घेऊन.

बाकी क्षेम. आठवण ठेवावी.

तुमची विद्यु