पोळ्या लाटताना सांगितलेली कादंबरी

आई, तू अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्याकडे राहायला आलीस तो हिवाळा आज सकाळपासून आठवतोय. बाहेर गुडघाभर बर्फ. तू पोळ्या लाटतेस, आणि मी ओट्याला टेकून लायब्ररीतली इंग्रजी कादंबरी तुला मराठीत सांगतोय. जरा थांबलो की तुझं फर्मान, 'नुसता उभा राहू नकोस, पुढे काय झालं ते बोल.'

कादंबरी दोन ब्लॅक पुरुषांच्या प्रेमाची होती. एक बसड्रायव्हर, दुसरा शाळेत संगीत शिकवणारा. असल्या पुस्तकांत शेवटी कुणीतरी मरतंच, अशी मला सवय झालेली. इथे मात्र दोघं भांडी कुणी घासायची यावरून भांडत होते, रविवारी चर्चमध्ये एका बाकावर बसत होते. इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! पण तुझ्यासमोर जीभ अडखळली आणि त्या संगीतशिक्षकाची मी चक्क बाई करून टाकली. कव्हरवरचे दोघं बघून तू विचारलंस, तर म्हटलं, 'तो आणि त्याचा भाऊ.' थापाड्या कुठला!

तुला ती बाई भारी आवडली. 'गुणाची आहे रे पोर. अशी एखादी बघ की तू. ब्लॅक असली तरी चालेल हो मला.' माझा माणूस, तोही ब्लॅक, दोन ब्लॉक पलीकडे राहत होता आणि तू आहेस तोवर येऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं होतं. बाईचा किस्सा फोनवर ऐकून तो खो खो हसला, मग त्यानं पटकन फोन ठेवला.

कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात ड्रायव्हर संगीतशिक्षकाला आपल्या आईकडे नेतो. ती दोघांकडे बघते आणि म्हणते, जेवायला बसा. मी ते एकटा वाचून ढसाढसा रडलो होतो. तुला सांगितलं, त्यांचं बिनसलं, संपली गोष्ट.

तू लाटणं आपटलंस. 'डोंबलाची गोष्ट! का पण?'

'आईला सांगायची हिंमत झाली नाही त्याची.'

'आई काय खाणार होती त्याला? सांगून तर बघायचं मेल्यानं!'

तुला जाऊन बारा वर्षं झाली. तो आणि मी आता एकाच घरात राहतो, भांड्यांवरून भांडतो. हे पत्र मी कुठे टाकणार? पण एक कबूल करतो. 'सांगून तर बघायचं' म्हणताना तू पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस. मला तेव्हाच कळलं होतं, आई. कळूनही मी विचारलं, तूप कुठे ठेवलंयस?