चार बोटे कापलेला अँटेना

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, अग्निशमन दलातील निवृत्त वायरलेस तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, पण बऱ्याच वैतागाने लिहून ठेवत आहे. आधीचे रद्द समजावे.

१. राहते घर व ठेवी पतीस, त्यांच्यामागे मुलास. यावर वाद नाही.

२. इस्पितळाच्या गच्चीवरचा रिपीटर, म्हणजे दूरच्या हँडसेटचा क्षीण आवाज उंचावरून झेलून पुन्हा जोरात पाठवणारे यंत्र, हौशी रेडिओ क्लबचा आहे. त्यावरचा अँटेना मात्र माझा. दलाने भंगारात काढला तेव्हा मी रीतसर पावती करून घेतला. तो सुनेस. क्लबच्या सचिवांनी त्याखालची स्वतःच्या नावाची पाटी काढावी. फीत कापण्यापलीकडे त्यांनी काही केलेले नाही.

३. क्लबचाच सभासद असलेल्या धाकट्या भावास काहीही नाही. कारण लिहिणे भाग आहे. हा अँटेना दलाच्या फ्रिक्वेन्सीसाठी घडवलेला. हौशींची त्याहून कमी. फ्रिक्वेन्सी कमी हवी तर नळी लांब लागते. नळीच्या चार कड्या किती वाढवायच्या, त्यांना जोडणाऱ्या केबली केवढ्या घ्यायच्या, सगळे कागदावर मांडून, कागद भावाच्या हाती देऊन मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. इकडे सचिवांनी उद्घाटनाची तारीख जाहीर केली. भावाने घाईघाईत करवत घेतली आणि प्रत्येक कडी चार बोटे कापली. नंतर मलाच सांगतो, "ताई, फ्रिक्वेन्सी कमी करायची म्हणून नळी कमी केली."

उद्घाटनालाच निम्मी शक्ती अँटेनातून उलटी आली आणि ट्रान्समीटर जळाला. मी पट्टी बांधून घरी. पुढे आत घट्ट बसेल अशी नळी शोधून कड्या लांबवायला आणि केबली नव्याने कापायला मला दोन वर्षे लागली. तेव्हापासून अबोला.

४. एकदाच बोलले. पूल खचला, फोन बंद पडले, आणि पलीकडे त्याचा ट्रक अडकला; ट्रकमध्ये तीन जखमी. त्याच्या हँडसेटवरची हाक याच अँटेनातून आली. "ताई, आहेस का?" मी विचारले, "नेमके कुठे आहात? जखमींना शुद्ध आहे का?" परक्यासारखे अहो-जाहो केले. तिघेही वाचले. ते अहो-जाहो अजून खुपते, तरी कलम ३ कायम.

५. मीटर, हत्यारे, वह्या सुनेस. तिने परवाना काढला. मुलगा बारा वर्षे "काढतो" म्हणतोय.

पुरवणी: ज्याला काही मिळत नाही असाच साक्षीदार हवा, असे वकीलबाई म्हणाल्या. असा आमच्यात एकच. आज त्याला बोलावले. त्याने कलम ३ दोनदा वाचले. म्हणाला, "तुझं गणित मला कळलंच नव्हतं, ताई. विचारायची लाज वाटली."

दहा मिनिटांत समजावले असते. एकवीस वर्षे गेली.

दरवर्षी सून अँटेनाचे सांधे तपासायला वर चढेल तेव्हा खाली दोर याने धरावा. वर काय चालले आहे ते तिने त्याला सांगत राहावे, त्याने विचारले नाही तरी.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा
सही: (लिहून देणार)

साक्षीदार:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. लिहून देणारीचा धाकटा भाऊ, ट्रकचालक (सही)