दार कुठल्या बाजूला?

पाइन रिज, टेनेसी
३ मार्च

चि. हार्लन यास ताईचे अ. आ. वि. वि.

मी ड्वाइटला सोडलं. मंगळवारी त्याने मला इतकं मारलं की डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही. कारण विचारशील, तर बिस्किटं करपली. नऊ वर्षांच्या संसारात त्याची कारणं काही सुधारली नाहीत.

सध्या चर्चच्या मागच्या खोलीत आहे, पण पुढे आईच्या जागेवर राहीन म्हणते. घर जळाल्यापासून तिथे विहीर आणि विजेचा खांब एवढंच उरलंय. म्हणून एक तयार शेड आणून ठेवावी. हमरस्त्यावरच्या दुकानात गेले होते. विक्रेत्याने विचारलं, काकू, आत काय ठेवायचंय? मी म्हटलं, मला. तो हसला, मग माझं तोंड बघून त्याने किमतींचा कागद पुढे सरकवला. तुझं आयुष्य शेड ठोकण्यात गेलं, तूच सांग: वर माळा असलेली घेऊ की बसकी?

फोन बंद ठेवलाय. मी कुठे आहे ते ड्वाइटला त्यात दिसतं. पत्रच पाठव.

भावाची वाट बघणारी,
व्हर्लीन

डिकेटर, अलाबामा
९ मार्च

ती. ताईस हार्लनचा सा. न.

पत्र वाचलं आणि हातोडा समोरच्या शेडच्या भिंतीत घातला. मालक म्हणाला, बाबा रे, ती विकायची आहे.

माळा असलेलीच घे. वर झोप, खाली तुझ्याकडचं आईचं शिवणाचं मशीन ठेव. तळाचे वासे हातभर अंतरावर हवेत, जास्त नकोत. वाकून बघ, विक्रेत्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस. खिडकी उंच आणि लहान घे, माणूस शिरणार नाही अशी. आणि दाराची मूठ बाहेरूनच फिरते, हे विसरू नकोस. ही शेड सामानासाठी असते, आणि सामानाला बाहेर यायचं नसतं. आतूनही उघडेल अशी कडी बसवून घे.

ड्वाइटचं मी बघतो. महिनाअखेर सुट्टी आहे, बंदूक गाडीत आहे. तू मध्ये पडू नकोस. माझ्या बहिणीचा कान फोडणारा जिवंत राहणार नाही.

तुझा खोडकर,
हार्लन

पाइन रिज
२४ मार्च

चि. हार्लन, अ. आ.

शेड आली. चूक माझ्याकडूनच झाली. दुकानातल्या कागदावर सवयीने घरचा नंबर लिहून बसले. दार कुठल्या बाजूला हवं ते विचारायला विक्रेत्याने फोन केला, तो ड्वाइटने उचलला. त्याने काय उत्तर दिलं देव जाणे, पण शेड कुठे न्यायची तो पत्ता मात्र विचारून घेतला.

रविवारी दुपारी आला, हातात लोखंडी पहार. मी विहिरीपाशी होते. तो माझ्या नावाने शिव्या देत आत शिरला आणि आधी आईच्या शिवणयंत्राचा चुराडा केला. मी धावत जाऊन दार लोटलं. त्याने आतून धडक दिली, माझी उजव्या हाताची बोटं फटीत चिरडली. तरी खांदा लावला आणि मूठ फिरवली. आतली कडी बसवायची राहिलीच होती.

तो पहारीने कधी भिंत, कधी तळ ठोकत होता. तुझे वासे मजबूत निघाले. खिडकीची काच फोडून हात बाहेर काढला, रक्ताने माखलेला, आणि म्हणाला की बाहेर आलो की तुझा दुसराही कान घेतो. मग मी हीटरचं रॉकेल आणलं आणि शेडभोवती ओतलं. वास गेल्यावर त्याचा आवाजच बदलला. व्हर्लीन, राणी, म्हणू लागला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं.

शेवटी मी फोन चालू करून शेरीफच्या माणसांना बोलावलं. त्यांनी त्याला बेड्या घालून नेलं. एकाने जमीन हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि गवतकापणीचं यंत्र आहे का, त्याचंच तेल सांडलं असेल, असं विचारलं. आहे म्हटलं. नाहीये.

गावात सगळे म्हणतात, व्हर्लीनने किती संयम ठेवला. तुझी बंदूक तिकडेच राहू दे, आणि तिथे बसून तूही माझं कौतुक करू नकोस. मी थांबले नव्हते रे. तीन काड्या ओढल्या. मोडक्या बोटांनी एकही पेटली नाही.

हे वाचूनही लोभ ठेवशील ना?

ताई